कर वाचवा, पण सही कशावर करताय ते वाचा



पापडाच्या पिठात पापडखार किती, पारण्याला मुगाचं पाणी आधी की दूध आधी, यावर आपण तासभर बोलू शकतो. पण आयकर हा शब्द निघाला की आपण पदर सावरून उठतो. "ते यांचं खातं." मग मार्चमध्ये दुकानातून किंवा सीएकडून कागद येतात. पेन्सिलीने जिथे फुली मारलेली असते तिथे आपण सही करतो आणि कागद परत जातात. ठेव आपल्या नावावर, पॅन कार्ड आपलं, फोटोही आपला. आत काय लिहिलंय ते मात्र ठाऊक नसतं.

मला हे पटत नाही, आणि आज ते स्पष्ट लिहिणार आहे. कायद्याने दिलेल्या सवलती वापरून कर कमी करणं हा घराचा हक्क आहे. खोटं लिहून कर बुडवणं ही चोरी आहे. या दोन्हींतला फरक घरातल्या बाईला कळला पाहिजे, कारण कागदावर नाव तिचं असतं. आणि करपद्धत सोपी केली असं सरकार म्हणतं तेव्हा ती बिलोलीतल्या साठीच्या बाईला कळण्याइतकी सोपी आहे का, हे आपणही विचारलं पाहिजे.

विषय आत्ताच घ्यायचं कारण म्हणजे १९६१ चा आयकर कायदा ३१ मार्च २०२६ पर्यंतचाच. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू.

मी बी.कॉम. झाले १९८३ साली. तेव्हा नांदेडची कॉलेजं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाखाली होती. आम्हाला आयकर, संपत्ती कर, देणगी कर आणि माणूस गेल्यावर मिळकतीवर बसणारा इस्टेट ड्यूटी, असे चार कर पाठ करावे लागायचे. शेवटचा १९८५ मध्ये रद्द झाला, देणगी कर १९९८ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये. आमचे सर सांगायचे की १९७३-७४ साली आयकराच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभार धरून ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात! असे दर असतील तर लोक लपवणारच, असं तेव्हा वर्गात सगळ्यांना वाटायचं. 'दोन नंबर' हा शब्द आपल्या घरांत त्याच काळात रुजला. दर गेले, शब्द मात्र राहिला.

आपल्या भागात आणखी एक जुनी गोष्ट आहे. आपण निजामाच्या राज्यातले. माझ्या आजेसासऱ्यांच्या तोंडी कर म्हणजे करोडगिरीचा नाका, म्हणजे माल आणला की अडवणारा शिपाई. भारताचा आयकर कायदा इकडे लागू झाला १ एप्रिल १९५० पासून. त्यामुळे कर म्हणजे कुणीतरी आडवं येऊन घेतलेला पैसा, ही भावना जुन्या दुकानांमधून खाली आली. मला ती समजते. पण आजही तीच धरून बसायचं कारण दिसत नाही.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार येतात. चोराला प्रोत्साहन देणं, चोरीचा माल घेणं, खोटी मापं, भेसळ, हे सगळ्यांना पाठ असतं. उरलेला आहे विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम मोडून व्यवहार करणं. कर बुडवणं त्यातच येतं, असं आमच्याकडे आलेल्या माताजींनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं. समोर बसलेले निम्मे श्रावक तेव्हा घड्याळ बघत होते, असो. मला त्यातलं आवडतं ते हे की व्रत फक्त नियम मोडू नका म्हणतं. नियमाने जे आपलं आहे ते सोडून द्या असं कुठेच म्हणत नाही.

कराचा पैसा जातो कुठे, असं कुणी विचारलं की मला १९७२ आठवतं. मी दहा वर्षांची होते. दुष्काळात रस्त्याच्या कडेला बाया खडी फोडायच्या, मुलांना सुकडी मिळायची. पुढे महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. मुलाच्या पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला जे दोनशे रुपये कापलेले दिसतात, ते तेव्हापासूनचे. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तुमची सून शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करत असेल आणि पगार त्याच्या आत असेल, तर तिची चिठ्ठी एकदा बघा.

आता मुद्द्यावर येते. साध्या घराला कर किती? २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढे टप्प्याटप्प्याने ५ टक्क्यांपासून दर आहेत, पण एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर जो काही कर निघेल तो सूट म्हणून माफ होतो. पगार किंवा पेन्शन असेल तर वर ७५,००० ची वजावट. म्हणजे बिलोली, देगलूर, नायगावातल्या बहुतेक घरांना सरळ हिशेबाने आयकर लागतच नाही. मग लपवायचं कशासाठी? तरीही मी पाहते, खऱ्या आठ लाखांचे साडेतीन लाख दाखवायची सवय सुटत नाही. नंतर मुलाला घरासाठी कर्ज हवं असतं, बँक तीन वर्षांची विवरणपत्रं मागते आणि सगळं घर गप्प बसतं.

पण बारा लाखांपर्यंत कर नाही हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या दागिन्यांच्या डब्यात आहे. ही माफी ज्या उत्पन्नाला वेगळा दर आहे त्याला मिळत नाही. शेअर, म्युच्युअल फंड, जमीन, सोनं विकून झालेला नफा त्यात येतो. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला आणि कितीजणींनी जुने पाटल्या-तोडे काढले. जुना दागिना मोडीत देऊन नवा घेतला तरी कायद्याच्या दृष्टीने तो जुन्याची विक्रीच असतो, हे सराफाच्या दुकानात कुणी सांगत नाही.

एक हिशेब मांडते. सासूबाईंकडून आलेलं ५० ग्रॅम सोनं आहे आणि भाव दहा ग्रॅमला एक लाख वीस हजार धरला. सहा लाख आले. खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा भाव धरता येतो. तो चार हजारांच्या थोडा वर होता, म्हणजे सगळ्याचे बावीस हजारांच्या आसपास. नफा पावणेसहा लाखांच्या थोडा वर. बाईला दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर चार लाखांची मोकळीक या नफ्यात वापरता येते. उरलेल्या पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के आणि वर उपकर, मिळून तेवीस हजारांच्या आसपास कर.

आता तेच सोनं निम्मं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विकलं आणि निम्मं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दोन वेगळी वर्षं झाली. भाव तोच राहिला तर प्रत्येक वर्षी नफा तीन लाखांच्या आत, चार लाखांच्या खाली. कर शून्य. यात काही लपवलं नाही, बिल पक्कं, पैसे खात्यात. याला करनियोजन म्हणतात. दोन आठवडे थांबायला सांगणारं कुणी घरात असतं तर तेवीस हजार वाचले असते, एवढीच गोष्ट आहे.

याच्या उलट, ज्याला घरात सर्रास करनियोजन म्हणतात त्यातलं बरंचसं फसवं असतं. "बायकोच्या नावावर टाकून दे" हे त्यात पहिलं. नवऱ्याने स्वतःच्या पैशातून बायकोला रक्कम दिली, तिने ठेव केली, तर देण्यावर कर नाही. पण त्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं असतं. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलं तरी तेच, व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात. अज्ञान मुलांचं बहुधा आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात. त्या व्याजावर पुढे मिळालेलं व्याज मात्र बाईचं स्वतःचं धरतात. हा नियम कुणी सांगत नाही. ठेव बाईच्या नावावर, व्याज कुणाच्याच विवरणपत्रात नाही, आणि नोटीस येते ती बाईच्या नावाने.

मग आपलं म्हणून काय? माहेरहून आलेलं आपलं. स्त्रीधन आपलं, ते सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच स्पष्ट केलंय. लग्नात मिळालेल्या भेटींवर कर नाही. आईवडील, भाऊ-बहीण, नवरा, मुलं यांनी दिलेल्या भेटीवरही नाही, रक्कम कितीही असो. परक्यांकडून मात्र वर्षाला एकूण पन्नास हजारांच्या वर गेलं की सगळंच करात येतं. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलं तर पुढचं व्याज त्यांचं. मुलाने आईला दिलं तर व्याज आईचं. म्हणजे मुलाचं उत्पन्न मोठं असेल आणि आईला काही उत्पन्न नसेल, तर आईच्या नावाने ठेव हा अगदी सरळ, कायदेशीर मार्ग आहे. फक्त ते पैसे खरोखर आईचे व्हायला हवेत. पासबुक मुलाच्या कपाटात आणि आईला दर्शनाला जायला शंभर रुपये मागावे लागत असतील, तर ते कसलं देणं?

पापड, शिवण, शिकवण्या, मेस यातून जे मिळतं ते तर पूर्ण आपलंच. आणि घरखर्चातून साठवलेलं? नोटाबंदी आठवते ना, ८ नोव्हेंबर २०१६. डाळीच्या डब्यातल्या, साडीच्या घडीतल्या नोटा बाहेर आल्या तेव्हा कितीतरी घरांत "तुझ्याकडे एवढे आले कुठून?" असं विचारलं गेलं. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने असेच साठवलेले दोन लाख अकरा हजार पाचशे रुपये बँकेत भरले आणि अधिकाऱ्याने ते अज्ञात उत्पन्न ठरवलं. ती लढली. २०२१ मध्ये आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने निकाल दिला की नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम ही त्यांची साठवण मानावी. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. घर चालवून मागे टाकलेला पैसा हा बाईचा पैसा आहे, असं एका सरकारी कागदाने म्हटलं.

सोन्याबद्दल आणखी एक. धाड पडली तर सगळं नेतात ही भीती असते. ११ मे १९९४ च्या सूचनेप्रमाणे विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. त्याहून जास्त ठेवूच नये असा याचा अर्थ नाही. वारसा किंवा खरेदीचा पुरावा असला की पुरे. म्हणून बिलं जपा, मृत्युपत्राची प्रत जपा.

एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, याबद्दल एका मैत्रिणीने विचारलं होतं. आपण जैन असलो तरी हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू आहे आणि करासाठी आपलंही अविभक्त कुटुंब मानलं जातं. त्याला वेगळं पॅन आणि वेगळी चार लाखांची मोकळीक मिळते, बारा लाखांची माफी मात्र नाही. वडिलोपार्जित दुकान किंवा घरभाडं असेल तर उपयोग होतो. पण एकदा मालमत्ता त्यात गेली की ती सगळ्यांची होते आणि बाहेर काढणं अवघड जातं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीही त्यात बरोबरीच्या वाटेकरी आहेत. म्हणूनच काही घरांत "कर वाचवायला" म्हणून मुलीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. मैत्रिणींनो, हक्कसोडपत्राने मुलीचा कुठलाही कर वाचत नाही. तिचा हिस्सा जातो, एवढंच. द्यायचा असेल तर तिने आनंदाने द्यावा, पण काय देतेय ते तिला कळू द्या.

शेतीचं नाव घेऊन चालणारी लबाडीही आपल्या भागात नवी नाही. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, बटईने किंवा ठोक्याने दिलेल्या शेताचा वाटाही शेतीचंच उत्पन्न. ते खरं असेल तर निर्धास्त दाखवा. पण सात-बारावर चार एकर कोरडवाहू आणि सोयाबीनचं उत्पन्न बारा लाख? एकरी आठ क्विंटल धरले तर बत्तीस क्विंटल, आणि २०२५-२६ चा ५,३२८ रुपये हमीभाव मिळाला असं मानलं तरी ते पावणेदोन लाखांच्या आत बसतं. २०२५ मध्ये अतिवृष्टीने अर्ध्याहून जास्त शिवारं वाहून गेली, तिथे कुणाच्या कागदावर बारा लाखांचं सोयाबीन उगवत असेल तर अधिकाऱ्याने विचारू नये का?

तसंच दानाचं. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या दानाला जुन्या पद्धतीतही वजावट नाही आणि नव्या पद्धतीत तर दानाची वजावटच नाही. काहींना याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही. मंदिरातली बोली आपण पावतीसाठी बोलतो का? त्याहून वाईट म्हणजे कमिशन घेऊन दानाची खोटी पावती देणारे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर, महाराष्ट्रातही, दीडशे ठिकाणी अशा खोट्या वजावटी करून देणाऱ्यांची तपासणी केली. परतावा मिळवून देतो म्हणणारा एजंट टक्केवारी घेऊन निघून जातो, सही आपली राहते.

आता मोठ्या जाऊबाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय. वय ६८. दादा गेल्यावर विम्याचे आणि इतर मिळून पंधरा लाख आले. जुलै २०२३ मध्ये एका बँकेत सात टक्क्यांनी ठेव केली, व्याज दर तिमाहीला खात्यात. वर्षाचं व्याज १,०५,०००. दुसरं उत्पन्न नाही. म्हणजे कराचा प्रश्नच नाही. तरी व्याज कमी येत होतं. त्या म्हणायच्या, बँकेचा हिशेब असेल. २०२५ च्या जूनमध्ये त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी पासबुक पाहिलं. पहिल्या वर्षी १५,७५० आणि दुसऱ्या वर्षी २१,००० रुपये टीडीएस कापलेला. वीस टक्के! कारण त्यांचं पॅन आधारशी जोडलेलं नव्हतं. आधारवर नावापुढे 'बाई' आहे, पॅनवर नाही, म्हणून जोडणी फेटाळली गेली होती. पॅन निष्क्रिय असलं की दुप्पट कापतात, आणि १५एच अर्ज दिला तरी चालत नाही. पंधरा लाखांची ठेव घेणाऱ्या बँकेत दोन वर्षांत एकाही माणसाने हे त्यांना सांगितलं नाही.

नाव दुरुस्त केलं, हजार रुपये विलंब शुल्क भरून जोडणी केली. २०२४-२५ चं विवरणपत्र वेळेत भरलं, एकवीस हजार परत आले. आधीच्या वर्षाची मुदत मात्र उलटली होती. त्यासाठी उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागतो, पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. तो केलाय. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी टीडीएसची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाख झाली, पण जाऊबाईंचं व्याज तिच्याही पाच हजार वर आहे. म्हणजे १५एच दर एप्रिलमध्ये, प्रत्येक बँकेत वेगळा द्यायचाच.

हे इतकं सविस्तर सांगितलं कारण सोपं करणं म्हणजे काय, याची माझी परीक्षा हीच आहे. नव्या कायद्याचं कौतुक चाललंय की ८१९ कलमांची ५३६ झाली, ४७ प्रकरणांची २३ झाली, पाच लाखांवरचे शब्द अडीच लाखांच्या आसपास आले. मागील वर्ष आणि आकारणी वर्ष हा जो घोळ आम्ही परीक्षेत हमखास चुकायचो, त्याच्या जागी एकच 'कर वर्ष' आहे. हे चांगलंच आहे. पण याच कायद्याच्या १३ फेब्रुवारी २०२५ ला मांडलेल्या पहिल्या मसुद्यात एक ओळ होती की विवरणपत्र मुदतीत भरलं नाही तर परतावा मिळणार नाही. कर लागत नाही, फक्त कापलेले पैसे परत हवेत म्हणून विवरणपत्र भरणारी माणसं कोण? आपल्या जाऊबाईंसारखी. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने २१ जुलैच्या अहवालात ही ओळ काढायला सांगितली आणि ११ ऑगस्टला आलेल्या सुधारित विधेयकात ती गेली. शब्द निम्मे करताना एका ओळीत किती विधवांचे पैसे बुडाले असते, याचा विचार आधी कुणी केला नव्हता असंच म्हणावं लागेल.

खरं सोपं कसं असतं याची उदाहरणं आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे दर बदलले. तूप १२ वरून ५, साबण १८ वरून ५, घरगुती आरोग्य विमा आणि आयुर्विम्यावर शून्य. हे समजायला सीए लागला नाही, बिल पाहिलं की कळलं. दुकानदारांसाठी १९९२ मध्ये पाच लाखांपर्यंत विक्री असलेल्या किरकोळ दुकानाला वर्षाला सरळ १,४०० रुपये भरायची योजना होती. आज अनुमानित नफ्याची पद्धत आहे. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर रोखीचे ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या पैशाचे ६ टक्के नफा धरायचा, वह्यांचं ओझं नाही. प्रत्यक्षात नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, हे त्यात आहेच. आमच्या भुसार दुकानाचं याच पद्धतीने चालतं आणि यांची रात्रीची झोप सुधारली.

मग ठेवीवर जगणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी असं काही का नाही? तिचं वय, तिचं व्याज, कापलेला कर, सगळं खात्याच्या संगणकात दिसतं. मी स्वतः पाहिलंय. कर लागत नाही हे यंत्राला कळतं, तर पैसे आधी कापून मग मागायला का लावायचं? १५एच एकदा दिला की परिस्थिती बदलेपर्यंत चालावा. पॅन निष्क्रिय झालं तर कापण्याआधी मराठीत निरोप यावा. माझ्या हातात आलेली प्रत्येक नोटीस इंग्रजीत होती, आणि बी.कॉम. होऊनही मला काही दोनदा वाचाव्या लागल्या. आणि जुनी-नवी अशा दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून दरवर्षी घराला आकडेमोड करायला लावणं हे सोपं नाही. एकच ठेवा, आणि तिच्यात साठीच्या माणसाला थोडी जास्त मोकळीक द्या. जुन्या पद्धतीत साठीनंतर तीन लाख आणि ऐंशीनंतर पाच लाख असा फरक होता, नवीत वीस वर्षांच्या मुलाला आणि ऐंशीच्या आजींना तेच चार लाख. कागद सुटसुटीत झाला खरा, पण औषधांचा खर्च दोघांचा सारखा असतो का?

जाऊबाईंचा २०२३-२४ चा अर्ज अजून प्रलंबित आहे, निकाल लागला की इथे कळवीन. महावीर जयंतीच्या आसपास, एप्रिल लागला की मंदिराच्या सभागृहात दुपारी तीन ते पाच मी बसणार आहे. ज्यांच्या नावावर ठेवी आहेत त्यांनी पासबुक, पॅन आणि आधार घेऊन या. नव्या कायद्यात १५एचचा क्रमांक बदलला तरी काम तेच राहील. आणि दोन्ही कार्डांवरचं नाव घरूनच अक्षर अक्षर जुळवून पाहून या, तेवढा वेळ वाचेल.